एका नावाच्या दोन राण्या

बेळगाव शहरातील जिल्हाधिकारी कार्यालयाजवळचा गजबजलेला चौक, शहराबाहेर महामार्गालगत भूतरामनहट्टी येथे २०१० साली स्थापन झालेले विद्यापीठ, बेंगळूरुहून हुबळी-बेळगावमार्गे मिरजेकडे रात्रभर धावणारी आगगाडी आणि ११ सप्टेंबर २००७ रोजी नवी दिल्लीत संसद भवनाच्या आवारात ज्याचे अनावरण झाले तो पुतळा, या सर्वांना एकच नाव जोडलेले आहे, आणि ते नाव म्हणजे राणी चन्नम्मा. सीमाभागातील मराठी घरांत वाढलेल्या मुलालाही हे नाव शिवाजी महाराजांच्या नावाइतक्याच सहजतेने कानावर पडत असते. परंतु ज्या नावाचा परिचय इतका सार्वत्रिक, त्या नावाखाली नेमकी कोणती व्यक्ती उभी आहे याची चौकशी मात्र फारशी केली जात नाही. आणि म्हणूनच छत्रपती राजाराम महाराजांना संकटकाळी आश्रय देणारी राणी आणि कंपनी सरकारच्या कलेक्टराशी लढणारी राणी या एकच होत्या, अशी समजूत सुशिक्षितांच्या बोलण्यातही अधूनमधून आढळते. वस्तुतः त्या दोन भिन्न स्त्रिया होत. पहिली केळदीची, दुसरी कित्तूरची. पहिलीच्या पराक्रमाचे वर्ष १६८९, दुसरीचे १८२४. आणि या दोन वर्षांच्या दरम्यान एकशे पस्तीस वर्षांचे अंतर आहे, ज्यात मोगल पातशाहीचा ऱ्हास, पेशवाईचा उदय व अस्त आणि इंग्रजी अमलाची स्थापना इतके सारे सामावलेले आहे.

पहिल्या चन्नम्मेची राजधानी बेळगावपासून फार दूर, आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील घनदाट अरण्यात वसलेल्या बिदनूर येथे होती. विजयनगरचे मांडलिक म्हणून उदयास आलेल्या आणि त्या साम्राज्याच्या पतनानंतर स्वतंत्र झालेल्या केळदीच्या नायक घराण्यातील सोमशेखर नायक याच्याशी तिचा विवाह १६६७ च्या सुमारास झाला. ती राजकुळातील नव्हती, सिद्धप्पा शेट्टी नावाच्या व्यापाऱ्याची ती कन्या होती. सोमशेखराची बुद्धी पुढे ठिकाणावर राहिली नाही, दरबारात कारस्थाने माजली आणि अखेरीस त्याची हत्या झाली. अशा वेळी अपत्यहीन असलेल्या या विधवा राणीने १६७१-७२ च्या सुमारास कारभाराची सूत्रे हाती घेतली, बसवप्पा यास दत्तक घेऊन त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि सुमारे पंचवीस वर्षे राज्य केले. तो बसवप्पा नायक पुढे नुसता राज्यकर्ता झाला नाही; ‘शिवतत्त्वरत्नाकर’ या विविध विद्यांच्या विशाल संस्कृत ग्रंथाचा कर्ता म्हणून तो पंडितमंडळीत मान्यता पावला. दत्तक पुत्र निवडताना आणि घडवताना राणीने दाखविलेल्या विवेकाची याहून मोठी साक्ष कोणती द्यावी?

मराठ्यांच्या इतिहासाशी तिचा संबंध येतो तो १६८९ साली. त्या वर्षीच्या ११ मार्चला संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडास जुल्फिकारखानाचा वेढा पडला, आणि अवघ्या एकोणीस वर्षांच्या राजाराम महाराजांनी एप्रिलच्या प्रारंभी रायगड सोडून प्रथम प्रतापगड, मग पन्हाळा आणि तेथून सप्टेंबरच्या अखेरीस वेषांतर करून दूर जिंजीकडे प्रयाण केले. इतिहासकारांनी त्या प्रवासाची जी वाट दाखविली आहे तीत गोकाक व सौंदत्ती ही आपल्याच परिसरातील स्थळे येतात. पाठीवर मोगलांची फौज, पुढे अनोळखी मुलूख, आणि ओळख पटली तर सर्वनाश, अशा स्थितीत केळदीच्या राणीने या तरुण राजास आपल्या राज्यातून सुखरूप पार जाऊ दिले. हे औदार्य स्वस्तातले नव्हते. दक्षिणेतील दोन मोठ्या पातशाह्या गिळून बसलेल्या औरंगजेबाच्या कोपास निमंत्रण देण्याचे ते कृत्य होते, आणि तो कोप ओढवलाही. मोगलांची फौज बिदनूरवर चालून आली, संताजी घोरपड्यांच्या साहाय्याने राणीने तिचा प्रतिकार केला, आणि पुढे दंड देऊन तिने तह पदरात पाडून घेतला. राजाराम महाराज नोव्हेंबरमध्ये जिंजीस पोहोचले आणि मराठी राज्याचा दीप विझता विझता राहिला. या प्रवासाचे वर्णन केशव पंडिताच्या ‘राजारामचरितम्’ या समकालीन संस्कृत काव्यात आहे, तर केळदीच्या बाजूची हकिगत लिंगण्ण कवीच्या ‘केळदिनृपविजय’ या कन्नड ग्रंथात आहे; एकच इतिहास दोन भाषांत सांगितला गेला असल्यामुळे तो पूर्णपणे समजून घेण्यास दोन्ही भाषांचे ऋण मानावे लागते.

दुसरी चन्नम्मा मात्र खास बेळगावच्या मातीची. शहराला लागूनच असलेल्या काकती गावात, देसाई घराण्यात, १७७८ साली तिचा जन्म झाला. म्हणजे केळदीच्या राणीचे राज्य संपून तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती, इतकेच नव्हे तर १७६३ मध्ये हैदरअलीने बिदनूर घेतल्यामुळे केळदीचे राज्यही नामशेष झाले होते. कित्तूरचे देसाई मल्लसर्ज यांच्याशी तिचा विवाह झाला. बेळगाव-धारवाड मार्गावरील कित्तूर हे त्या काळी सधन संस्थान होते आणि पेशव्यांचे, टिपूचे व शेवटी कंपनीचे असे बदलते वर्चस्व सांभाळीत, खंडणी भरीत आणि सनदा मिळवीत त्याने आपले अस्तित्व टिकवले होते. मल्लसर्ज १८१६ साली निवर्तले. त्यांची ज्येष्ठ पत्नी रुद्रम्मा हिचा पुत्र शिवलिंगरुद्र सर्ज गादीवर आला. आणि तोही ११ सप्टेंबर १८२४ रोजी निपुत्रिक मरण पावला. मृत्यूपूर्वी त्याने नात्यातील शिवलिंगप्पा या मुलास दत्तक घेतले होते. धारवाडचा कलेक्टर व पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याने हे दत्तविधान संशयास्पद ठरवून मान्य केले नाही, संस्थानच्या खजिन्यावर मोहरा लावून पहारे बसविले आणि कारभार कंपनीच्या हाती घेण्याचा उपक्रम आरंभिला.

यानंतर जे घडले त्याचा दिवस २३ ऑक्टोबर १८२४. किल्ल्याचे फाटक उघडण्यासाठी थॅकरेने मुदत दिली. ती संपली तेव्हा फाटक उघडले खरे, पण ते आतील शिपायांनी बाहेर चालून येण्यासाठी. त्या हल्ल्यात स्वतः थॅकरे आणि तोफखान्याचे अधिकारी ठार झाले, आणि इलियट व स्टीव्हन्सन हे दोन मुलकी अधिकारी ओलीस म्हणून राणीच्या हाती लागले. दक्षिणेत कंपनीचा अंमल बसून पुरती सात वर्षेही झाली नव्हती. एका लहान संस्थानाने तिच्या कलेक्टरास रणात पाडावे, ही वार्ता मुंबई-मद्रासच्या दफ्तरांना हादरा देणारी होती. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन मोठी फौज व तोफा घेऊन कित्तूरवर आला. ओलिसांची सुटका झाली, पण लढाई टळली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला, राणीस बैलहोंगलच्या किल्ल्यात बंदिवान करून ठेवण्यात आले, आणि तेथेच १८२९ साली तिचा अंत झाला. तिचा निष्ठावंत शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याने त्यानंतरही रानावनाच्या आश्रयाने लढा चालू ठेवला. फितुरीने तो पकडला गेला आणि १८३१ च्या जानेवारीत खानापूर तालुक्यातील नंदगड येथे त्यास फाशी देण्यात आली.

आता या दोन चरित्रांची सरमिसळ का होते, हे पाहणे बोधप्रद आहे. दोघीही विधवा, दोघीही वीरशैव परंपरेतील, दोघींच्या आयुष्यात दत्तकाचा प्रश्न, दोघींनीही आपल्याहून शतपटींनी प्रबळ असलेल्या सत्तेस नकार दिला. त्यात नाव एक. सार्वजनिक स्मृती ही स्वभावतःच अशी आहे की समान आकृतीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर ती त्यांतून एकच गोष्ट घडविते. शिवाय चौक, विद्यापीठ आणि आगगाडी यांच्या पाट्यांवर बहुधा नुसते ‘राणी चन्नम्मा’ एवढेच लिहिलेले असते. कित्तूर हा शब्द वगळला की केळदीसही त्या नावाखाली जागा मिळते. परंतु साम्याच्या या आवरणाखाली जो भेद आहे तोच इतिहासाचा गाभा होय. केळदीच्या राणीने स्वतः दत्तक घेतला आणि तिच्या राज्यात त्यास कोणाची मंजुरी घ्यावी लागली नाही. ती सार्वभौम होती, आणि तिच्यापुढील प्रश्न शरण आलेल्यास अभय द्यावे की नाही, हा राजधर्माचा प्रश्न होता. कित्तूरच्या राणीपुढील प्रश्न अगदी निराळा, कायद्याचा होता: सनदेच्या आधारे चालणाऱ्या संस्थानास वारस ठरविण्याचा अधिकार स्वतःचा, की सनद देणाऱ्या सरकारचा? डलहौसीच्या कारकिर्दीत जे धोरण साताऱ्यास व झाशीस लागू झाले, त्याची चाहूल कित्तूरला पाव शतक अगोदर लागली होती. दोघींना एक केले तर एकीचे औदार्य आणि दुसरीचा न्यायासाठीचा झगडा, दोन्ही अस्पष्ट होतात.

सारख्या नावांचा हा प्रश्न या दोघींपाशीच संपत नाही. कित्तूरला पडलेल्या थॅकरेचे आडनाव इंग्रजी साहित्याच्या वाचकांस परिचित आहे, आणि येथे ते साम्य आभासात्मक नाही. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याचा तो सख्खा चुलता. ओलीस राहिलेला तरुण अधिकारी वॉल्टर इलियट हा तर पुढे दक्षिणेच्या इतिहासाचा मोठा उपासक ठरला. याच कर्नाटकाच्या गावोगावी फिरून त्याने शेकडो शिलालेखांच्या नकला जमविल्या आणि १८३७ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या भूमीत तो बंदिवान झाला त्याच भूमीच्या विस्मृत राजवंशांची ओळख पटविण्याचे काम त्याच्या हातून व्हावे, हा योग विलक्षण खरा.

आणि त्या शिलालेखांत तरी काय आढळते? पुन्हा एका नावाची आवृत्ती. सौंदत्तीचे, आणि तेराव्या शतकाच्या आरंभापासून वेणुग्राम म्हणजे बेळगावचे, जे रट्ट मंडलेश्वर या प्रदेशावर राज्य करीत होते, त्यांच्या वंशावळीत कार्तवीर्य नावाचे चार पुरुष होऊन गेले. पहिला दहाव्या शतकाच्या अखेरीचा, चालुक्य तैलपाचा मांडलिक. चौथा बाराव्या-तेराव्या शतकांच्या सांध्यावरचा, ज्याचा पिता लक्ष्मीदेव आणि पुत्रही लक्ष्मीदेवच. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे पिढ्यांमागून पिढ्या दोन-तीन नावेच आलटून पालटून येतात, आणि शिलालेखातील शक, संवत्सर व सार्वभौम राजाचे नाव यांची सांगड घातल्याशिवाय कोणता दानलेख कोणत्या कार्तवीर्याचा हे सांगता येत नाही. यात आणखी एक गुंतागुंत अशी की सौंदत्ती हे यल्लम्मा-रेणुकेचे क्षेत्र, आणि लोककथेत जमदग्नीचा वैरी म्हणून जो सहस्रार्जुन येतो त्याचे नावही कार्तवीर्यच. डोंगरावर पुराणातला कार्तवीर्य, पायथ्याच्या गावात इतिहासातला. यात्रेकरूच्या मनात दोघे एक व्हावेत यात नवल नाही, पण पहिला श्रद्धेचा विषय आहे आणि दुसऱ्याच्या हातची दानपत्रे दगडावर कोरलेली आहेत.

बेळगावच्या किल्ल्यातील सुप्रसिद्ध कमलबस्ती १२०४ साली उभारणारा बीचिराज हा चौथ्या कार्तवीर्याचा अमात्य. त्यानंतर तीन-चार दशकांतच रट्टांचे राज्य बुडवून तो मुलूख देवगिरीच्या यादवांस जोडणारा सेनापती बीचण. उच्चारात इतकी जवळीक असलेली ही दोन नावे एकाच शहराच्या इतिहासात एका पिढीच्या अंतराने यावीत, त्यांतील एकाने मंदिर बांधावे आणि दुसऱ्याने ते बांधणाऱ्याच्या धन्याचा वंश संपुष्टात आणावा. घाईने वाचणाऱ्यास यांत एकच माणूस दिसला तर कमलबस्तीचा कर्ताच तिच्या राज्याचा संहारक ठरेल. नावाची एवढी लहान चूक अर्थाचा केवढा विपर्यास करते!

निपाणीकडे वळले की हाच प्रश्न मराठी रूपात समोर येतो. निपाणीचा किल्ला व बाजारपेठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजेच उत्तर पेशवाईतील अप्पा देसाई निपाणकर. १८३९ साली त्यांच्या निधनानंतर कंपनीने त्यांची जहागीर खालसा केली. परंतु शिवकालाच्या बखरींतही सिधोजी निंबाळकर भेटतात, आणि ते १६७९ मध्ये जालन्याहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याची पिछाडी राखताना संगमनेरच्या बाजूस धारातीर्थी पडलेले वीर. आडनाव एक, नाव जवळपास एक, पण दोघांमध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ गेलेला.

निपाणीहून जवळच असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हा मुलगा १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. ज्या साताऱ्याच्या शाहू महाराजांशी (१६८२–१७४९) कोल्हापूरच्या गादीचा वाद चालला आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने ज्यांची राज्ये विभक्त झाली, त्यांचेच नाव कोल्हापूरच्या राजर्षींनी उज्ज्वल करावे, ही घटना दत्तकविधीतील नामकरणाचे सामर्थ्य सांगते. ज्यांच्या मृत्यूमुळे ते दत्तक गेले ते १८८३ मध्ये अहमदनगर येथे निवर्तलेले चौथे शिवाजी. म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी या नावाचीच चौथी आवृत्ती. त्यांच्या पूर्वी त्याच गादीवरील एक राजाराम १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरात निधन पावले. केळदीच्या राणीने ज्यांना वाट दिली ते राजाराम ते नव्हेत, हे सांगण्याची पाळी यावी इतकी ही नावे राजकुळांत वंशपरंपरेने फिरत असतात. दत्तकास पूर्वजांचे नाव देणे हा लहरीचा भाग नव्हता. नावाबरोबर वारसा, वतन व गादी यांवरील हक्काची घोषणा होत असे, आणि म्हणूनच संकटकाळी, हक्क वादग्रस्त असेल तेव्हाच, जुन्या थोर नावांची निवड अधिक आग्रहाने होत असे.

याच्या उलटही होते: व्यक्ती एक आणि नावे अनेक. दक्षिणदिग्विजयाहून परतताना १६७८ साली शिवाजी महाराजांच्या सैन्यास बैलहोंगलजवळच्या बेलवाडीच्या गढीने कित्येक दिवस अडवून धरले, आणि त्या गढीच्या रक्षणास एक देसाईण उभी होती. कन्नड परंपरा तिला मल्लम्मा म्हणते, काही मराठी साधने सावित्री म्हणतात. दोन नावांमुळे तिची दोन चरित्रे होऊ पाहतात, तर दोन चन्नम्मांचे नाव एक असल्यामुळे दोन चरित्रांचे एक होऊ पाहते. कारण उभयत्र एकच आहे: नावावर विसंबून व्यक्ती ओळखण्याची सवय.

नाव हा ओळखीचा आरंभ आहे, ओळखीचा पुरावा नव्हे. पुरावा काळाने, गादीने, घराण्याने आणि दस्तऐवजाने मिळतो. मोडी दफ्तरे वाचणारे संशोधक याच चार कसोट्या लावीत आले आहेत. कागदावरील शिक्का कोणाचा, तिथी कोणत्या शकाची, महालाचे नाव कोणते, आणि मायन्यात कोणत्या धन्याचा निर्देश आहे, हे पाहिल्यावाचून ते एखाद्या ‘सिधोजीस’ वा ‘शाहूस’ चरित्र बहाल करीत नाहीत. सामान्य वाचकानेही हा शहाणपणा अंगी बाणवणे कठीण नाही. ऐतिहासिक नाव कानी पडताच ‘कोठील? कोणत्या शतकातील?’ हे दोन प्रश्न मनाशी विचारले तरी बहुतेक गोंधळ टळतात.

सीमाभागात या दक्षतेला आणखी एक मोल आहे. येथे एकाच गल्लीत कन्नड व मराठी नांदतात, एकाच व्यक्तीच्या पराक्रमाकडे दोन भाषांचे समाज आपापल्या अभिमानाने पाहतात, आणि अभिमान जितका उत्कट तितकी तपशिलाची हेळसांड होण्याचा संभव अधिक. केळदीच्या चन्नम्मेचे उपकार मराठी माणसाने मानलेच पाहिजेत, आणि ते तिच्याच नावे, तिच्याच वर्षासह मानले पाहिजेत. कित्तूरच्या चन्नम्मेस वंदन करताना तिच्या झगड्यातील दत्तकाचा प्रश्न निपाणी, सातारा आणि झाशी यांच्या दुःखाशी कसा जोडलेला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याचे श्रेय त्यास देणे हीच इतिहासातील खरी कृतज्ञता होय. चुकीच्या व्यक्तीस केलेला नमस्कार योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी येथील शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि नगरपालिकांना एवढीच विनंती करावीशी वाटते की चौकाच्या पाटीवर, शाळेच्या फळ्यावर आणि जयंतीच्या निमंत्रणपत्रिकेवर थोर व्यक्तीचे नाव लिहिताना तिचे गाव आणि तिचा काळ दोन्ही भाषांत त्या नावाशेजारी लिहावे. ‘कित्तूरची राणी चन्नम्मा, १७७८–१८२९’ असे लिहिण्यास एक अधिक ओळ पुरेशी आहे, आणि त्या ओळीने केळदीच्या राणीचेही ऋण फिटते.